आम्हाला लवकर म्हातारं करा

वडगावच्या सोमवारच्या बाजारात बैलाचा व्यवहार अजून दातावर ठरतो. गिऱ्हाईक खालचा ओठ ओढून दात बघतं, जनावर उतरणीला लागलंय असं दिसलं की भाव पाडून मागतं, आणि मालकालाही त्यात वावगं वाटत नाही. वय झालं, भाव उतरला. आरोग्यविम्यात मात्र हा हिशेब उलटा चालतो. दात जितके झिजलेले, तितका भाव चढा. शिवाय हा वाढीव भाव जनावरानंच भरायचा असतो, तोही मुदतीच्या आत.

आमच्या गल्लीतले अण्णा शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर आहेत. वय 56. परवा त्यांना विमा कंपनीचा मेसेज आला. सुरुवातच ‘प्रिय ग्राहक’ अशी होती, तेव्हा अण्णांनी आधी खिसा चाचपला आणि मग पुढचं वाचलं. गेल्या वर्षी हप्ता 36,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 6,480. यंदा जीएसटी शून्य आणि हप्ता 47,500. पॉलिसी काढल्यापासून अण्णांनी एक क्लेम केलेला नाही.

“मी काय केलं रं?” अण्णांनी एजंट भाच्याला फोन लावला.

“काय नाही मामा, तुम्ही पंचावन्न ओलांडलं. स्लॅब बदलला.”

“ते मी मुद्दाम केलं नाही.”

“कंपनीला कारण चालत नाही मामा. तारीख चालती.”

22 सप्टेंबर 2025 ला, घटस्थापनेच्या दिवशी, वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी शून्य झाला, तेव्हा हेच अण्णा महालक्ष्मी तलावाच्या काठावर फिरायला येणाऱ्या मंडळींना थांबवून थांबवून बातमी सांगत होते. करमाफीची दुसरी बाजू त्या आनंदात कुणी विचारली नाही. हप्त्यावर कर नाही, म्हणून कंपनीला तिच्या खर्चावर भरलेल्या कराची वजावटही नाही. ऑफिसचं भाडं, एजंटचं कमिशन यांवरचा कर तिच्या अंगावर पडतो. तो कंपनी निमूटपणे अंगावर काढेल असं ज्यांना वाटलं, त्यांनी विमा नव्हे, लॉटरीचं तिकीट घ्यावं; तिथं अशा स्वभावाची माणसं लागतात.

अण्णांना पूर्वी ईएसआयचं कार्ड होतं. पगारातून किरकोळ रक्कम कापली जायची आणि घरादाराचं औषधपाणी व्हायचं. मग कारखान्यानं पगार वाढवला. ईएसआयची मर्यादा महिना 21,000, 2017 पासूनची. अण्णा ती ओलांडून चार पैशांनी वर गेले आणि कार्ड गेलं. बढती साजरी करायला घरी तांबडा-पांढरा झाला होता, तो कितीला पडला हे आता कळतंय. कारखान्याची ग्रुप पॉलिसी आहे म्हणा, पण ती नोकरी असेपर्यंत. निवृत्तीच्या समारंभात शाल आणि श्रीफळ देतात आणि पॉलिसी काढून घेतात. हप्ता कितीही चढला तरी अण्णा स्वतःची पॉलिसी सोडत नाहीत, ते यामुळं.

आता सरकारी व्यवस्थेला म्हाताऱ्यांची काळजी नाही, असं कुणी म्हणू नये. 30 जानेवारी 2025 ला विमा नियामकानं कंपन्यांना बजावलं, की ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी आम्हाला विचारा. ज्येष्ठ म्हणजे साठीचे आणि पुढचे. आयकरात जुन्या पद्धतीनं गेलं तर हप्त्यावर 50,000 पर्यंत वजावट, तीही साठीनंतर. साठीच्या आत 25,000, आणि हा आकडा 2015 पासून जागचा हललेला नाही. नव्या करपद्धतीत तर त्याचं नावच नाही. एसटीचं अर्धं तिकीट 65 ला, फुकट प्रवास 75 ला. आयुष्मानचं पाच लाखांचं कवच, उत्पन्न न विचारता, 70 ला. म्हातारा झालेला माणूस या राज्यात बऱ्यापैकी सांभाळला जातो. म्हातारा होत असलेल्या माणसाला कुणी वाली नाही. वहिनी, म्हणजे अण्णांच्या सौ., अर्ध्या तिकिटात कोल्हापूरला जाऊन येतात, कारण मार्च 2023 पासून बायकांना एसटीत निम्मी सवलत आहे. शेजारच्या सीटवर अण्णा पूर्ण तिकीट काढून, पूर्ण हप्ता भरून, गुडघा चोळत बसलेले असतात.

यावर आम्ही कट्ट्यावर एक अर्ज तयार केला आहे. मा. तहसीलदार, हातकणंगले यांस: अर्जदारास ‘अकाली ज्येष्ठत्वाचा दाखला’ मिळावा. सोबत जोडले आहे: गुडघ्याचा एक्स-रे, चष्म्याचा वाढलेला नंबर, मुलीच्या लग्नाच्या खर्चाचा हिशेब आणि मुलाच्या नोकरीबाबत स्वयंघोषणापत्र. चार वर्षं आधी ज्येष्ठ केल्यास शासनाचा काहीही खर्च होणार नाही, अर्जदार दिसतोच तसा.

दाखला मिळेपर्यंत दुसरी कंपनी बघावी, असं भाच्यानं सुचवलं. पॉलिसी पोर्ट करता येते, पण नूतनीकरणाच्या तारखेआधी निदान 45 दिवस हालचाल करावी लागते. आपल्याकडं शेवटच्या दिवशी रांग लावायची रीत. तरी अण्णा या वेळी वेळेत उठले. नवा फॉर्म आला, भाचा प्रश्न वाचू लागला. “मामा, तंबाखू?” अण्णांच्या तोंडात नुकताच बार भरलेला. बोलता येईना, म्हणून त्यांनी मान हलवली: नाही. भाच्यानं ‘नाही’ लिहिलं. “शुगर?” अण्णांनी खिडकीतून पिचकारी टाकून विचारलं, “जेवायच्या आधीची का नंतरची?” भाचा म्हणाला, “राहू दे मामा. लिहिली तर हप्ता वाढतो.”

इथं थट्टा जरा बाजूला ठेवतो. न लिहिलेली शुगर फुकट पडत नाही. पहिली पाच वर्षं कंपनी असं लपवलेलं उकरून क्लेम नाकारू शकते. सलग 60 महिने हप्ते भरल्यावर मात्र, ठरवून केलेली फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, ते उकरता येत नाही. 2024 पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. आधीच्या आजाराला कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबवू शकते. पूर्वी चार होती. म्हणजे खरं लिहिलं तर तीन वर्षं वाट बघायची, खोटं लिहिलं तर पाच वर्षं धाकात काढायची. हे ऐकल्यावर अण्णांनी तंबाखूही खरी लिहायला लावली. सोडायचं मात्र नाव काढलं नाही.

आणखी एक शोध त्या रात्री लागला. अण्णांची पॉलिसी फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच. तिचा हप्ता साधारणपणे घरातल्या सर्वांत थोराच्या वयावर ठरतो. भाच्यानं आकडे मांडून दाखवले: अण्णांना फ्लोटरमधून काढून वेगळी पॉलिसी दिली तर एकूण खर्च कमी येतो. आणि मूळ पॉलिसी पाच लाखांवर ठेवून वरच्या रकमेला सुपर टॉप-अप घेतलं, तर तेच मोठं कवच बरंच स्वस्तात पडतं. घराचा कर्ता पुरुष वगळला की घर परवडतं, ही गोष्ट वहिनींना नवी नव्हती. कागदावर पहिल्यांदा आली एवढंच.

आणि पाच लाखांचं एक कवच तर अण्णांकडं आधीपासून आहे! महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. 2023 च्या निर्णयानं ती पांढऱ्या रेशनकार्डासह राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली. अट एकच, उपचारही यादीतला हवा आणि रुग्णालयही यादीतलं हवं. त्या निर्णयाच्या वेळी यादीत 1,356 उपचार होते. हे सांगितलं तर अण्णा दुखावले. “ती योजना गरिबांची हाय. आपलं कार्ड पांढरं.” पांढरं कार्ड ही आमच्या पेठेतल्या मध्यमवर्गाची शेवटची इस्टेट. तिच्यावर धान्य मिळत नाही, पण मान मिळतो. तो मान जपायला माणूस वर्षाला 47,500 भरतो आणि पांढरं कार्ड घेऊन योजनेच्या खिडकीशी उभं राहायला लाजतो.

लाज सोडा, एवढंच आमच्या पन्नाशीतल्या बांधवांना सांगणं. आधार आणि रेशनकार्डावरची नावं जुळतात का ते आजच बघा. दुखण्याच्या रात्री स्पेलिंग दुरुस्त होत नाही. क्लेम अन्यायानं नाकारला तर पुण्याच्या विमा लोकपालाकडं जा, तिथं फी लागत नाही. आणि विमा नियामकांना विनंती, की दहा टक्क्यांच्या त्या आदेशात साठच्या जागी पंचेचाळीस लिहा. साठीला पोचेपर्यंत निम्म्यांनी हप्ता थकवून पॉलिसी सोडलेली असेल, मग मर्यादा कुणाला लावणार?