लेक-टच

महाराष्ट्रात नैसर्गिक तळी मोजकीच. त्यांतले सगळ्यात नावाजलेले लोणार खारट आणि उग्र वासाचे. त्याच्या काठी बार्बेक्यू मांडायचे धाडस अजून कोणी केलेले नाही. त्यामुळे मराठी कुटुंब ज्याला ‘लेक’ म्हणून सुट्टीला जाते, तो बहुतेक वेळा एखाद्या धरणाचा फुगवटा असतो. पवना, मुळशी, भंडारदरा, कोयनेच्या फुगवट्यावरचे तापोळा, ही सगळी त्याच जातीची. पवनेचे पाणी नदीत सोडतात, रावेतला उचलतात आणि पिंपरी-चिंचवडला पुरवतात. म्हणजे चिंचवडचे कुटुंब शनिवारी माणशी पैसे मोजून जे पाणी बघायला जाते, ते एरवी त्यांच्याच नळाला येत असते, आणि तेव्हा त्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

ही तळी धरणाची असल्याने त्यांचा काठ जागेवर राहत नाही. पाऊस संपताना धरण भरलेले असते. पुढे पिण्याला, शेतीला, विजेला पाणी सुटत जाते आणि मे महिन्यापर्यंत काठ खाली खाली सरकतो. जाहिरातीतला फोटो हमखास ऑक्टोबरातला असतो. त्यात कॉटेजच्या पायरीशी पाणी लागलेले दिसते. शाळांना सुट्ट्या मात्र मे महिन्यात लागतात. तेव्हा त्याच पायरीपुढे भेगाळलेला गाळ, त्यात म्हशींच्या खुरांचे ठसे, आणि लांब खाली, बशीच्या तळाशी उरलेल्या चहासारखे पाणी.

या धंद्यात तीन शब्द चालतात: ‘लेक-टच’, ‘लेक-फेसिंग’ आणि ‘लेक-व्ह्यू’. टच म्हणजे ऑक्टोबरात पाण्याला लागून. फेसिंग म्हणजे तोंड पाण्याकडे, मध्ये काय असेल ते असो. व्ह्यू म्हणजे टाकीवर चढल्यास दिसते.

टेंट की कॉटेज, हा वाद घराघरांत थंडी, साप आणि खर्च या मुद्द्यांवर होतो. खरा फरक वेगळाच आहे. पाणी मागे हटले की टेंट उपटून त्याच्या मागे नेता येतो; कॉटेज बिचारी जिथल्या तिथे राहते आणि दरवर्षी उन्हाळ्यात ‘टच’ची ‘व्ह्यू’ होते. धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येते, तिथवरची जमीन मात्र सरकारने धरणासाठी घेतलेली असते. त्या रेषेच्या आत ठोकलेला टेंट पाण्याला जितका जवळ, तितकाच नोटिशीलाही. जूनपासून पावसाळाभर हा प्रश्नच मिटतो: मावळातल्या पावसात टेंटमध्ये झोपणे म्हणजे छत्रीखाली अंथरूण घालणे. तेव्हा कॉटेजच घ्यावी.

टेंटमध्येही जाती आहेत. स्विस टेंटमध्ये माणूस उभा राहतो, पलंग असतो, कधी आत संडासही असतो. डोम टेंटमध्ये रांगत शिरावे लागते. गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या आजीला आत नेण्यासाठी एक सून आतून हात धरते, दुसरी बाहेरून आधार देते, आणि आजोबा मध्येच विचारतात, ‘‘अगं, पण ती बाहेर कशी येणार?’’ हा प्रश्न त्यांनी घरी विचारायला हवा होता. थंडीत सगळ्यांच्या उच्छ्वासाची वाफ कापडाला आतून लागून थेंब धरते आणि पहाटे ते थेंब नेमके कपाळावर पडतात. ‘‘टेंट गळतोय’’ अशी तक्रार होते. टेंट गळत नसतो, कुटुंब गळत असते.

पाण्यापासूनचे अंतर सगळे विचारतात. संडासापासूनचे कोणी विचारत नाही. कुटुंबाची रात्र मात्र दुसऱ्या अंतरावर ठरते. दोन वाजता कोणीतरी उठतो. टेंटची चेन हळू उघडली तर जास्त वेळ वाजते, जोरात उघडली तर जास्त मोठ्याने वाजते. दोन्ही प्रकारे सगळे जागे होतात. मग चपला. अंधारात डावी स्वतःची आणि उजवी मेहुण्याची अशी जोडी जमते. मोबाइलच्या उजेडात दोरी दिसत नाही, फक्त लागते. परत येताना सगळे टेंट सारखेच निळे असतात. नेमका कोणता आपला, हे बाहेर उभे राहून घोरण्याच्या पट्टीवरून ओळखावे लागते आणि सुखी संसाराचा तोच एक ठोस पुरावा म्हणता येईल.

तिसरे अंतर स्पीकरचे. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे. तसे नियम २००० सालापासून आहेत. पण पाण्यावरची हवा रात्री खाली गार आणि वर जरा उबदार असते. त्यामुळे वर निघालेला आवाज पुन्हा खाली वाकतो आणि लांबवर स्पष्ट पोचतो. म्हणून आपल्या कॅम्पवाल्याने दहाला गाणी बंद केली, तरी समोरच्या काठावर कोणा पिंट्याचा वाढदिवस चालू असतो, आणि केक कापताना तो कोणाला आधी भरवला तेही ऐकू येते.

खाण्याचे पॅकेज सगळीकडे जवळपास एकच: चारला चहा-भजी, सातला बार्बेक्यू, नऊला जेवण, सकाळी पोहे. त्यात ‘अनलिमिटेड’ असते ते जेवण. बार्बेक्यूचे तुकडे माणशी मोजलेले असतात. घरातल्या बायका हे जाणून असतात आणि निघताना चिवड्याचा डबा, भाकरवडी, दोन किलो संत्री गाडीत घालतात. हीच शिदोरी रात्री अकराला सगळे संपवतात.

जागाही माणसे बघून निवडावी. पवनेभोवती लोहगड, विसापूर, तिकोना, तुंग असे किल्ले आहेत. चढणारे वर, बाकीचे खुर्चीत, अशी कुटुंबाची सोयीस्कर वाटणी होते. तापोळ्याला महाबळेश्वरहून उतरणारी वळणे लहान मुलांच्या पोटाला मानवत नाहीत. भंडारदऱ्याचे धरण १९२६ सालचे, आणि तिथे पावसाच्या तोंडावर काजव्यांनी झाडे लखलखतात. ती बघायला आलेल्या गाड्यांचे हेडलाइट त्याहून लखलखतात. पोहणे मात्र सगळीकडेच वर्ज्य. काठ गुळगुळीत गाळाचा आणि एकदम खोल उतरणारा असतो; होडीत बसायचे तर लाइफ जॅकेट घालूनच.

चौकशीचा फोन आत्याने करावा. भाचे रील बघून ॲडव्हान्स पाठवतात, काका फक्त पार्किंगचे विचारतात.

‘‘दादा, पाणी आहे ना?’’

‘‘भरपूर. समोर सगळं पाणीच आहे.’’

‘‘तळ्यातलं नाही हो, बाथरूममधलं.’’

यावर थोडा वेळ शांतता. ‘‘येतं की, सकाळी. आणि कमोड एक आहे, वरच्या बाजूला.’’

‘‘किती वर?’’

‘‘इथंच. पाच मिनिटं.’’

गावाकडची पाच मिनिटे शहरातल्या पंधरांच्या बरोबरीची धरावीत. हा दादा पुष्कळदा धरणात जमीन गेलेल्या घरातलाच असतो. पाण्यात बोट दाखवून ‘‘आमचं भाताचं खाचर तिथं होतं’’ असे तो भजी वाढता वाढता सांगतो, आणि चटणी हवी का विचारतो.

अकराला चेक-आउट. आजीला बाहेर काढतात, मेहुण्याची चप्पल मिळते, संत्र्यांच्या साली राहून जातात. गाडी वळणावर दिसेनाशी झाली की दादाचा मुलगा खुंट्या उपटतो, टेंटची ओली बाजू उन्हाकडे करतो, आणि पाणी कालपासून जितके हटले तितकी पावले मोजून तो खाली नेऊन ठोकतो. चारला पुढची मंडळी येणार असतात, आणि त्यांना ‘लेक-टच’ सांगितलेले असते.