फरक रुपये २७० फक्त

चहा घ्या. साखर कमी लागली तर मला सांगू नका. आमच्या ऑफिसात साखरेचं प्रमाणसुद्धा आता मशीन ठरवतं आणि त्याविरुद्धचं माझं निवेदन वेगळं आहे.

आजचं प्रकरण गेल्या मंगळवारचं. संध्याकाळी पाचला आमच्या हिशेब विभागाची रोकड जुळेना. पेटीत एक्सेलपेक्षा २७० रुपये जास्त निघाले. कमी निघाले असते तर निदान कोणावर संशय तरी घेता आला असता. जास्त निघाल्यामुळे तीही सोय राहिली नाही.

मी चहाचा कप खाली ठेवून म्हणालो, "२७०ला नऊने भाग जातोय. कुठेतरी आकडे उलटे पडलेत."

सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी कोणाचा तरी हात बघून परदेशगमन सांगितलं.

तुम्हाला म्हणून सांगतो, यात विद्या कसलीच नाही. लिहिताना शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले की येणाऱ्या फरकाला नऊने भाग जातोच. २७० भागिले नऊ, तीस. म्हणजे घोळ शतक आणि दशकाच्या घरात आणि त्या दोन अंकांत तीनाचं अंतर. पावतीपुस्तक घ्यायचं आणि तेवढ्याच पावत्या बघायच्या. काम चार मिनिटांचं. ज्या हेडक्लार्कनी मला हे शिकवलं, ते दोन मिनिटांत करत आणि उरलेल्या दोन मिनिटांत तंबाखू मळत.

पण आमचा नवीन मुलगा म्हणाला, "काका, थांबा ना. आधी व्हीलूकअप लावून बघू." मुलगा गुणी आहे, तक्रार त्याच्याबद्दल नाही. व्हीलूकअप लावलं. मग पिव्होट झालं. मग कोणीतरी चॅटबॉटला विचारलं. त्याने अत्यंत अदबीने सात संभाव्य कारणं दिली, त्यातलं तिसरं होतं परकीय चलनाच्या दरातील चढउतार. आमच्या काउंटरवर आजवर आलेलं सर्वात परकीय चलन म्हणजे फाटकी नोट. शेवटी आयटीकडे तिकीट टाकलं गेलं. प्राधान्य: मध्यम. तिकडून आदेश आला, सिस्टीम बंद करून चालू करा. केली. सिस्टीमबरोबर फरकही ताजातवाना होऊन परत आला. २७०.

सात वाजून दहा मिनिटांनी मी पावतीपुस्तक उघडलं. पावतीवर १,८५०, एक्सेलमध्ये १,५८०. आठ आणि पाच, अंतर तीन. मी काही बोललो नाही, नुसतं बोट ठेवलं. मुलगा म्हणाला, "काका, लकी निघालात."

लकी! आमच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी पाठ केली ती छड्या खाऊन. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, तो तर झोपेत विचारला तरी यायचा आणि विचारायचेही झोपेतच. आता माझ्या शेजारच्या टेबलावर ४५०ला दहाने गुणायला कॅल्क्युलेटर काढतात. शून्य लावायचं असतं हो नुसतं. तेही मशीनकडून लावून घेतात, मग खात्री म्हणून पुन्हा एकदा गुणतात.

तुम्ही म्हणाल, हे आमच्याच ऑफिसचं दुखणं. नाही. माणसाच्या जनुकांना नावं देणारी एक आंतरराष्ट्रीय समिती आहे. एका जनुकाचं नाव होतं 'मार्च१'. ते टाइप केलं की एक्सेल परस्पर त्याची तारीख करून टाकायचं, पहिली मार्च. शोधनिबंधांच्या तक्त्यांत या तारखा घुसल्या. २०२०मध्ये निर्णय झाला. एक्सेल १९८५चं, जनुक लाखो वर्षांचं. माघार कोणी घ्यावी? जनुकाने घेतली. आता त्याला 'मार्चएफ१' म्हणतात. जिथे प्रत्यक्ष जनुकाचं चाललं नाही, तिथे दोन वेतनवाढी अडलेल्या माणसाचं काय चालणार?

मंगळवारची दखल मात्र वरपर्यंत घेतली गेली. शुक्रवारी आम्हा सर्वांना एक प्रशिक्षण देण्यात आलं: 'साधनांवरील अवलंबित्व कमी करणे'. हजेरीसाठी अ‍ॅप डाउनलोड करायचं होतं. प्रशिक्षकांच्या ६४ स्लाइड होत्या. एकोणिसाव्या स्लाइडला प्रोजेक्टर बंद पडला, तेव्हा ते म्हणाले, आपण थोडं थांबू या. आम्ही पाऊण तास थांबलो. 'डोक्याने विचार करा' ही स्लाइड पुढे होती असं नंतर कळलं.

या संदर्भात माझी बायको असा मुद्दा मांडते की, परवा माझा मोबाइल बंद पडला तेव्हा मला तिचा नंबर सांगता आला नाही. ती बाब या निवेदनाच्या कक्षेत येत नाही.

प्रशिक्षणाचा परिणाम म्हणून मी एका पेन्सिलीची मागणी केली. स्टेशनरी आता पोर्टलवरूनच मिळते. यादीत माउस आहे, हेडफोन आहे, लॅपटॉपचं स्टँड आहे. पेन्सिल नाही. 'इतर' निवडलं, तर 'इतर'चं तांत्रिक विवरण मागतात. मी लिहिलं: लाकडी, मध्ये शिसं. अर्ज 'तांत्रिक तपासणीसाठी प्रलंबित' आहे. मंगळवारचं तिकीटही अजून उघडंच आहे. फरक सापडल्याचं त्यात कळवायला तसा रकाना नाही.

तुमच्या ड्रॉवरमध्ये एखादी जुनी पडली असेल तर बघा. टोक मी करून घेईन.