समुद्रदिन कसे काढावेत : दीर्घ सागरी सहलीच्या प्रवाशांसाठी शास्त्रोक्त मार्गदर्शन

क्रूझच्या छापील वेळापत्रकात ज्या तारखेपुढे कोणत्याही बंदराचे नाव नसून केवळ 'समुद्रात' एवढाच शब्द असतो, त्या दिवसाला प्रस्तुत विवेचनात 'समुद्रदिन' म्हटले आहे. या दिवशी जहाज अहोरात्र चालत असते, मात्र प्रवाशाला कोठेही पोहोचायचे नसते, कोणी त्याची वाट पाहत नसते आणि त्याच्या हातून काही व्हावे अशी कोणाचीच अपेक्षा नसते. ही अवस्था लाभावी म्हणून माणूस वर्षानुवर्षे पैसे साठवतो आणि ती प्रत्यक्ष लाभली की पहिल्याच सकाळी नाश्ता आटोपून 'आता पुढे काय?' असे विचारू लागतो. जुने ग्रंथकार कोणत्याही शास्त्राच्या आरंभी अधिकारी, विषय, प्रयोजन आणि संबंध असे चार अनुबंध सांगत. त्या शिरस्त्याप्रमाणे पाहता, भाडे पूर्ण भरलेला आणि मध्येच उतरून घरी जाऊ न शकणारा प्रवासी हा या शास्त्राचा अधिकारी होय. रिकामा वेळ हा विषय, तो कोणत्याही परिस्थितीत रिकामा राहू न देणे हे प्रयोजन, आणि आणखी दोन-अडीच हजार माणसे नेमक्या त्याच खटपटीत असणे हा संबंध.

या शास्त्राच्या अभ्यासाला प्रशांत महासागर ओलांडणाऱ्या मार्गाइतकी सोयीची प्रयोगशाळा नाही. लॉस एंजेलिसहून निघून होनोलुलू, अमेरिकन सामोआतील पागो पागो, फिजीतील सुवा आणि न्यूझीलंडमधील ऑकलंड करीत सिडनीला जाणारे जहाज उदाहरणादाखल घेता येईल. लॉस एंजेलिस ते होनोलुलू हे अंतर सुमारे 2,200 सागरी मैल आहे. सागरी मैल म्हणजे 1,852 मीटर, आणि तासाला एक सागरी मैल या वेगाला नॉट म्हणतात. 19-20 नॉटने जाणाऱ्या जहाजाला हा टप्पा पार करण्यास पावणेपाच दिवसांच्या आसपास लागतात, आणि होनोलुलूपासून पागो पागोपर्यंत साधारण तेवढेच पाणी पुन्हा पुढ्यात असते. विमान पहिले अंतर सहाएक तासांत कापते, ही गोष्ट जहाजावर काढू नये. ती सर्वांना ठाऊक असते.

पहिला विधी अनिवार्य आहे. 1912 साली टायटॅनिक बुडाल्यानंतर 1914 मध्ये लंडन येथे समुद्रावरील जीवितसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्याच्या वेळोवेळी सुधारलेल्या नियमांनुसार आपत्काळी कोठे जमायचे हे प्रत्येक प्रवाशाने प्रवासारंभीच समजून घ्यावे लागते. सात आखूड आणि एक लांब भोंगा हा त्याचा संकेत होय. लाइफजॅकेट घातलेल्या जोडीदाराचे छायाचित्र काढण्यास या वेळी हरकत नसते, पण भोंगे मोजण्याचे काम दोघांपैकी एकाने करावे.

बोट लागणे हा विषय नवशिके प्रवासी लाजेने टाळतात, वास्तविक त्यात लाजण्यासारखे काही नाही. ब्रिटिश नौदलाचा विख्यात सेनानी नेल्सन यालाही ती अखेरपर्यंत लागत असे. कानाच्या आतील भागात द्रवाने भरलेल्या सूक्ष्म नलिका असतात आणि शरीर हलते आहे अशी वर्दी त्या मेंदूला देत असतात, तर केबिनच्या चार स्थिर भिंती पाहणारे डोळे काहीच हलत नसल्याची ग्वाही देतात. या दोन साक्षींतील विसंगतीचा निवाडा पोटात लागतो. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हालचाल सर्वांत कमी जाणवते, हे सर्वमान्य असूनही प्रवासी देखाव्यासाठी अगदी पुढची आणि अगदी वरची केबिन जादा पैसे मोजून घेतात. जहाजाच्या पोटाला दोन्ही बाजूंनी बसवलेले स्टॅबिलायझर नावाचे पंख डावी-उजवीकडचे डोलणे आटोक्यात ठेवतात, परंतु समोरून येणाऱ्या लाटेवर जहाजाचे तोंड उचलले जाऊन आपटते, तेव्हा त्यांचा फारसा इलाज चालत नाही. उपाय म्हणून क्षितिजाकडे पाहावे, कोरडी बिस्किटे खावीत आणि आलेपाक जवळ बाळगावा. हवामानाचा खरा अंदाज कप्तानाच्या सौम्य शब्दांवरून घेऊ नये. जिन्याच्या कठड्यांना आणि लिफ्टच्या दाराशी कागदी पिशव्या खोचल्या जाताना दिसल्या, की जेवणाचा बेत आखडता घ्यावा.

डेकवरील आरामखुर्ची ही समुद्रदिनाची एकमेव स्थावर मालमत्ता असून तिच्या मालकीचे शास्त्र जमीनमहसुलाच्या शास्त्राहून सोपे नाही. नियमाने सर्व खुर्च्या सर्वांच्या असतात. व्यवहारात सकाळी साडेसहाला जो खुर्चीवर टॉवेल अंथरतो त्याची वहिवाट लागते. नुसता टॉवेल हा पुरावा कच्चा मानला जातो. त्यावर उपडे ठेवलेले जाडजूड पुस्तक, पुस्तकावर चष्म्याचे घर आणि खुर्चीच्या पायाशी सपातांचा एक जोड एवढा ऐवज मांडला म्हणजे ताबा पक्का होतो, आणि मालक निर्धास्तपणे नाश्त्याला, नाश्त्यानंतर व्याख्यानाला आणि व्याख्यानानंतर जेवायला जाऊ शकतो. अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक वेळ रिकाम्या राहिलेल्या खुर्चीवरील वस्तू उचलल्या जातील, अशी पाटी पुष्कळ जहाजांवर असते. परंतु ती वाचायलाही खुर्चीपाशी असावे लागत असल्याने मालकांच्या नजरेस ती पडत नाही. कूळकायदा जहाजांना लागू नाही, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे : दुसऱ्याच्या टॉवेलवर सलग चार दिवस बसले तरी खुर्ची कसणाऱ्याची होत नाही.

दुसऱ्या दिवसाची कार्यक्रमपत्रिका आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये येते. तिच्यावर रंगीत पेनाने खुणा कराव्यात आणि दोन आवडीचे कार्यक्रम एकाच वेळी आल्यास व्यवस्थापनाकडे तक्रार नोंदवावी. हवाईच्या वाटेवर युकुलेली हे चार तारांचे छोटे वाद्य, हुला नृत्य आणि फुलांच्या माळा गुंफणे यांचे वर्ग चालतात. जन्मात कोणतेही वाद्य हाती न धरलेली निवृत्त मंडळी पाचव्या दिवशी एकत्रितपणे युकुलेली वाजवतात, आणि श्रोत्यांना उतरून जाण्याची सोय नसते. सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत सहा-आठ जणांचा संघ लागतो. हे संघ पहिल्या दोन दिवसांत जमतात आणि नंतर त्यांत प्रवेश मिळणे सहकारी गृहनिर्माण संस्थेत सभासदत्व मिळण्याहून अवघड होते. बक्षीस बहुधा किल्ल्यांची साखळी असते, आणि उत्तर बरोबर की चूक यावर होणारा वाद त्या साखळीच्या किमतीशी कोणतेही प्रमाण राखत नाही.

वाचनालयातील जिगसॉच्या टेबलाचा अभ्यास मात्र सविस्तर करावा. हजार तुकडे जुळवून पूर्ण करावयाच्या या चित्रात बहुधा एक किल्ला, एक तळे आणि गरजेपेक्षा फार मोठे आकाश असते. कडेच्या सरळ धारेचे तुकडे सोपे म्हणून ते उत्साही मंडळी पहिल्याच सकाळी लावून मोकळी होतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. किल्ला दुसऱ्या दिवशी होतो. त्यानंतर उरते ते आकाश, आणि ते कोणा एका बाईंकडे जाते. त्या निळ्या तुकड्यांच्या छटा बशांमध्ये वेगळ्या करून ठेवतात, कोणाशी बोलत नाहीत आणि चहाही तेथेच घेतात. त्यांच्या मागे हातात कप घेऊन उभा राहणारा एक गृहस्थ असतो, जो स्वतः कधी बसत नाही, पण 'तो तिकडे बसेल' असे दर पाच मिनिटांनी सुचवतो. शेवटी एक तुकडा कमी भरतो. तो हरवलेला नसतो. अखेरचा तुकडा लावण्याचा मान आपल्याला मिळावा म्हणून कोणीतरी तो तिसऱ्या दिवशीच खिशात घातलेला असतो. अशा व्यक्तीचा शोध घेऊ नये, कारण ती बहुधा सामान्यज्ञानाच्या संघात आपल्याच शेजारी बसलेली निघते.

दुपारी बाराच्या सुमारास ध्वनिक्षेपकावरून जहाजाचे अक्षांश-रेखांश, वाऱ्याचा जोर आणि तळाखालील पाण्याची खोली सांगितली जाते. वाऱ्याचा जोर शून्य ते बारा अशा अंकांत मोजणारी श्रेणी फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने 1805 साली आखली. खोलीचा आकडा या महासागरात चार हजार मीटरच्या घरात असतो, त्यामुळे सर्वांत जवळची जमीन किती दूर, या प्रश्नाचे बरोबर उत्तर पुष्कळदा 'चार किलोमीटर, सरळ खाली' असे येते. हे आकडे वहीत टिपून ठेवणारे प्रवासी आढळतात. त्यांच्या वह्यांचा पुढे काही उपयोग झाल्याचे ऐकिवात नाही, तथापि टिपण्यात दहा मिनिटे जातात, हा उपयोग अल्प नव्हे.

होनोलुलू आणि पागो पागो यांच्या दरम्यान विषुववृत्त ओलांडले जाते, आणि ते प्रथमच ओलांडणाऱ्याला समुद्रदेव नेपच्यूनच्या दरबारात हजर करण्याची जुनी प्रथा आहे. फेब्रुवारी 1832 मध्ये 'बीगल' जहाजावर तरुण चार्ल्स डार्विन याच्या तोंडाला डांबर आणि रंग फासून तो लोखंडी पट्टीच्या खरबरीत तुकड्याने खरवडला गेला, आणि नंतर त्याला पाण्यात उलटा ढकलण्यात आला. बोट लागण्याने तो आधीच जेरीस आलेला होता. आता डांबराची जागा साबणाच्या फेसाने आणि थंडगार शेवयांनी घेतली असून, दरबारात मोठ्या माशाचे चुंबन घेऊन तरणतलावात उडी मारली की काम भागते. शाकाहारी प्रवाशाने माशाबाबतचा आपला आक्षेप आधीच कळवावा. प्रमाणपत्र सर्वांनाच मिळते.

काळाचा हिशेब हे या मार्गाचे खरे वैभव होय. पश्चिमेकडे जाणाऱ्या जहाजावर अधूनमधून रात्री घड्याळे एक तास मागे घेतली जातात, म्हणजे तो दिवस पंचवीस तासांचा होतो, आणि वेळ कसा घालवावा या विवंचनेतील प्रवासी हा जादा तास मिळाल्याबद्दल एकमेकांचे अभिनंदन करतात. पुढे पागो पागो आणि सुवा यांच्या दरम्यान आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते, जी ओलांडताना पश्चिमगामी प्रवाशाच्या आयुष्यातून एक अख्खी तारीख वजा होते. ही रेषा 180 अंश रेखावृत्ताच्या आधाराने आखली असली तरी देशांच्या सोयीने ती वाकते : सामोआ या देशाने 2011 साली 30 डिसेंबर हा दिवसच न पाळता ती ओलांडली, मात्र शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचे अमेरिकन सामोआ आहे तेथेच राहिले, आणि त्यामुळे शेजारच्या या बेटांवर घड्याळात वेळ एकच, पण वार वेगळा असतो. अनेक जहाजांच्या लिफ्टमध्ये वाराचे नाव विणलेला गालिचा रोज बदलला जातो. त्यांपैकी एक त्या आठवड्यात गुंडाळलेलाच राहतो. गेलेल्या दिवसाचे भाडे परत मागण्यात अर्थ नसतो, कारण भाडे रात्रींवर आकारलेले असते. वगळलेल्या तारखेला संकष्टी आल्यास उपास परस्पर टळला, असे समजणाऱ्या मराठी प्रवाशांनी तिथी चंद्रावरून ठरते, कप्तानाच्या सूचनेवरून नव्हे, हे ध्यानात घ्यावे.

आहाराविषयी विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. तो दिवसभर चालूच असतो. वरणभाताची इच्छा अनावर झाल्यास मुख्य वेटरशी बोलावे, कारण दुसऱ्या दिवसासाठी भारतीय शाकाहारी जेवण आदल्या रात्री सांगून ठेवण्याची सोय अनेक जहाजांवर असते, आणि तो वेटर गोव्याचा निघण्याची शक्यता चांगली असते. बोटीवर जाणाऱ्या गोवेकरांना तारवटी म्हणतात, आणि मुंबईत धोबी तलावाच्या आसपास त्यांची गावोगावची 'कूड' नावाची वसतिगृहे पिढ्यान्पिढ्या आहेत, जेथे ते दोन करारांच्या मधल्या काळात उतरत. कित्येक महिन्यांच्या करारात या माणसांना साप्ताहिक सुट्टी अशी नसते, आणि प्रवाशांपैकी एकही जण बंदरात उतरलेला नसल्यामुळे समुद्रदिन हाच त्यांच्या कामाचा सर्वांत जड दिवस ठरतो. 'आज काही विशेष नाही, आरामच,' असे त्यांना हसून सांगण्यापूर्वी प्रवाशाने एवढे लक्षात ठेवावे.

समुद्राकडे पाहणे हाही एक उद्योग आहे. उडणारे मासे जहाजाच्या पुढून सुटतात आणि लाटांवरून बऱ्याच अंतरापर्यंत तरंगत जाऊन पाण्यात शिरतात, आणि ते पाहण्यास कोणतेही शुल्क नाही. कार्यक्रमपत्रिकेत मात्र या उद्योगाला वेळ, सभागृह किंवा सूत्रसंचालक नेमून दिलेला नसतो, म्हणून बहुसंख्य प्रवाशांना तो सुचत नाही. ज्यांना सुचतो ते तासन्‌तास कठड्याशी उभे राहतात, कशाचीही तक्रार करीत नाहीत आणि कोणत्याही संघात सामील होत नाहीत. अशांसाठी प्रस्तुत मार्गदर्शनात काहीही नाही.

उतरण्याविषयी दोन सूचना पुरेत. न्यूझीलंडमध्ये फळे, मध आणि इतर जोखमीचे खाद्यपदार्थ न सांगता नेल्यास जागच्या जागी 400 न्यूझीलंड डॉलर दंड होतो, आणि बंदरावरील कुत्र्यांना हुंगण्याचे रीतसर शिक्षण दिलेले असते. म्हणून बुफेतून पर्समध्ये ठेवलेले सफरचंद ऑकलंडपूर्वीच खाऊन टाकावे. दुसरी सूचना सिडनीसंबंधी. शेवटच्या रात्री सामानाला रंगीत चिठ्ठ्या लावून बॅगा केबिनबाहेर ठेवाव्या लागतात आणि त्या रातोरात खाली नेल्या जातात. सकाळी अंगावर घालावयाचे कपडे आणि पायातले बूट त्या बॅगांत भरू नयेत. नाहीतर रात्रीच्या पायजम्यावर उतरावे लागते.