शिशुवाहिका येत आहे, बाजूला व्हा

आमच्या वॉर्डातल्या नव्या पदपथावर पाटी लागली आहे. ‘शिशुवाहिकेसह येणाऱ्या पादचाऱ्यांनी उताराचा वापर करावा. हुकुमावरून.’ पाटीचा खांब बरोबर उताराच्या मधोमध रोवला आहे.

खांबाबद्दल माझी तक्रार नाही. बिचाऱ्याने उभं तरी कुठे राहायचं? पदपथावर डीपीचा बॉक्स आहे, वडापावची गाडी आहे, कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे आणि उरलेल्या फटीत एक बुलेट तिरकी लावलेली आहे. माझं चित्त अडकलंय ते ‘शिशुवाहिका’ या शब्दात.

बाबागाडी हा चांगला, धडधाकट, घरातला शब्द होता. तो कुणी, कोणत्या फाइलीत आणि कोणत्या शेऱ्यासह बाद केला असेल? ‘बाबा’ म्हटल्यावर एखाद्या महाराजांची गाडी समजून लोक पाया पडतील, अशी शंका कुणी काढली असेल का? तसं झालं असतं तर बरंच होतं. त्या बाबांच्या गाडीसाठी रस्ता कसा झटक्यात मोकळा होतो, ते आपण पाहतोच. की गाडीत बाबाच का, बेबी का नको, असा लिंगसमानतेचा मुद्दा निघाला? काहीही असो, फाइल हलली, शब्द घडला आणि बाळाचं घराणं बदललं. आता ते रुग्णवाहिका आणि शववाहिका यांच्या भावकीत गेलं. जन्माला या, शिशुवाहिकेत बसा, मधे कधीतरी रुग्णवाहिका, शेवटी शववाहिका. सगळा प्रवास एकाच प्रत्ययात उरकला. यातल्या शेवटच्या दोघींना निदान ड्रायव्हर तरी मिळतो. पहिलीला मिळाली पाटी. या घराण्यात रक्तवाहिकाही येते, आणि गुण तिचेच उतरलेत. हीसुद्धा तुंबलेलीच असते.

आमच्या सोसायटीत शिशुवाहिका म्हटलं तर कुणी मान वर करणार नाही. तिथे आहे ती ‘प्रॅम’, आणि जिचे काका न्यू जर्सीत आहेत तिची ‘स्ट्रोलर’. दोन्ही मोठ्या खटपटीने आणलेल्या, आणि दोन्ही सध्या लिफ्टपासून गेटपर्यंत वीस लिटरचे पाण्याचे जार वाहतात. बाळ आजोबांच्या कडेवर असतं.

या दोन्ही इंग्रजी शब्दांची गंमत बघा. प्रॅम म्हणजे मूळचा पेरँब्युलेटर. हा शब्द आधी हिंडणाऱ्या माणसाला होता, मग तो गाडीला चिकटला. स्ट्रोलरचंही तेच. आधी रमतगमत फिरणारा माणूस, मग चार चाकं. चालणारा दोनदा पुसला गेला आणि त्याच्या नावावर गाडी आली. आपल्याकडे एवढा वळसा घेत नाहीत. आपण पहिल्यापासूनच गादीवर बसून पायाने क्लच दाबणाऱ्या माणसाला ‘चालक’ म्हणतो. चालतो तो चालक नाही, बसतो तो चालक. आणि जो खरोखर चालतो, त्याच्यासाठी असा शब्द शोधला की पहिली दोन अक्षरं वाचूनच शाळकरी पोरं फिदीफिदी हसतात.

पूर्वी चालणाऱ्याची काय शान होती! वाटसरू होता, त्याला वाट होती. पांथस्थ होता, त्याला झाडाची सावली आणि घोटभर पाणी होतं. वारकऱ्यासाठी अजून आषाढात रस्ता थांबतो, पण इतर महिन्यांत तोच माऊली दळण घेऊन रस्ता ओलांडू लागला की त्याचाही पादचारी होतो. मला विचाराल तर खरा शब्द विदर्भातल्या माणसांनी जपलाय. तिकडे चालत गेलो म्हणायचं तर ‘पायदळ गेलो’ म्हणतात. बरोबर आहे. आता चौक ओलांडणं म्हणजे पायदळाचंच काम आहे, आणि समोर घोडदळ उभं आहे, सिग्नल सुटायच्या आत निघालेलं.

पायदळाच्या सोयीचे नियम मात्र छान छापलेले आहेत. पादचारी सुविधांची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०१२ साली सुधारली गेली. त्यांत चालायला किमान १.८ मीटर रुंद मोकळी जागा सांगितली आहे आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको म्हटलं आहे. म्हणजे सहा इंच. आमचा पदपथ गटारापाशी गुडघ्याला लागतो. तिथून तो थोडं सरळ चालतो, मग प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी एकदम कोसळतो, कारण आतून मोटारी बाहेर काढायच्या असतात, आणि गेट संपलं की पुन्हा उसळतो. मोटारींच्या या उतारावर पाटी नाही, खांब नाही, हुकूम नाही. तो उतार आपला गुळगुळीत, सिमेंटचा, न मागता मिळालेला. मार्च जवळ आला की बाकीचा पदपथ उखडून तेच पेव्हर ब्लॉक उलटे करून बसवतात. उताराला कुणी हात लावत नाही.

पुढे चौकात पादचारी पूल आहे. ‘पादचाऱ्यांच्या सोयीसाठी.’ हा पूल कुणाच्या सोयीसाठी आहे ते पाचवीतलं पोर सांगेल. ज्यांच्या गाडीला इंजिन आहे ते सपाट रस्त्याने जाणार, आणि ज्याच्याकडे दोन गुडघेच आहेत तो दोन मजले चढणार, दोन मजले उतरणार, कशासाठी, तर बसलेल्या माणसाला ब्रेक दाबायचे कष्ट नकोत म्हणून! सोबत बाबागाडी असेल तर बाळ एका काखेत, गाडी दुसऱ्या काखेत, डायपरची पिशवी गळ्यात. रस्ते वाहतुकीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात बाबागाडी ढकलणारा माणूस पादचारीच समजावा, असं स्पष्ट म्हटलं आहे. बाबागाडी खांद्यावर घेऊन जिना चढणाऱ्याला काय समजावं, यावर करार गप्प आहे. तो करणाऱ्यांनी आमचा पूल पाहिला नव्हता.

आणि पुलावरून न जाता खालून, झेब्रावरून गेलात, तर ‘शिशुवाहिकेसह पादचारी’ असं कुणी म्हणत नाही. काच खाली होते आणि आवाज येतो, ‘घरी सांगून आलास का?’ रस्त्यावरची रूढ संज्ञा ही आहे. एका वर्षात, २०२२ साली, देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. २०१६ साली हाच पायी चालणाऱ्यांचा सरकारी आकडा १५,७४६ होता. सहा वर्षांत दुपटीहून जास्त. आणि सांगून आली होती हो ती. दूध आणतो म्हणून सांगून आली होती, नातवाला बालवाडीतून घेऊन येते म्हणून सांगून आली होती. तुम्हाला कुणी सांगून पाठवलं होतं, सत्तरच्या वेगाने शाळेसमोरून? ज्या खात्याला माणसाला रस्त्याच्या या कडेहून त्या कडेला जिवंत पोचवता येत नाही, त्याने शब्द कशाला घडवावेत? शब्द आम्ही घडवू. तुम्ही आधी तो खांब काढा.

तो निघणार नाही, हे मला माहीत आहे. तेव्हा पाटीला धरूनच एक उपाय सुचवतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येप्रमाणे, चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असलेलं वाहन हे मोटार वाहनच नव्हे. लायसन्स नको, नंबरप्लेट नको. आपल्या पूर्वजांचा पांगुळगाडा तीन चाकांचाच होता, तेव्हा परंपरेचीही अडचण नाही. शिशुवाहिकेचं एक चाक काढावं, छोटंसं इंजिन बसवावं, कर्णकर्कश हॉर्न लावावा. धूर जरा जास्त सुटला तर उत्तमच. मग ती पदपथावरून कितीही वेगाने न्या, बुलेटशेजारी तिरकी लावा, कुणी हटकणार नाही. लोकच भिंतीला चिकटून वाट देतील. शिवाय मागे उभ्या असलेल्या आईला बढती मिळेल. ती पादचारी राहणार नाही, चालक होईल. फक्त हेल्मेट बाळाने घालायचं की आईने, यावर एक समिती नेमावी लागेल.