पॉजचं बटण

शेजारच्या वहिनी गेले सहा महिने इंग्रजी शिकताहेत. पोळ्या उरकल्या की ओट्याला टेकून, फोनवर. ‘व्हेरी टायर्ड’ म्हणू नका, ‘एग्झॉस्टेड’ म्हणा, असं एक बाई तीस सेकंदांत बजावते. वहिनी मान डोलावतात, लाइक देतात आणि अंगठ्यानं बाईला वर ढकलतात. खाली दुसरी बाई उभीच असते. परवा बँकेतून इंग्रजीत फोन आला. वहिनींनी तो निखारा असल्यासारखा माझ्या हातात दिला. ‘भाऊजी, तुम्हीच बोला हो.’ सहा महिन्यांचं एग्झॉस्टेड तोंडातच राहिलं.

यात व्हिडिओचा दोष नाही. छोटी क्लिप हे भाषा शिकवायचं झकास साधन आहे, पण चालवणारा हवा. मिस्टर बीनचा 1990 सालचा सँडविचचा प्रसंग घ्या. बागेतल्या बाकावर बसून गडी कोटातून पाव काढतो, कात्रीनं कापतो, कार्डानं लोणी फासतो, सॅलडची पानं धुतो आणि चक्क पायमोज्यात घालून गरागरा फिरवून वाळवतो. बोलणं जवळजवळ नाहीच. म्हणून तर बोलायचं काम वर्गातल्या पोरांवर येतं! मोजा बाहेर निघाला की बाईंनी क्लिप थांबवायची: आता हा काय करेल? मग मागच्या बाकावरचाही ओरडतो, ‘ही विल वॉश द सॉक!’ उत्तर चुकलं, वाक्य बरोबर आलं. अजून काय हवं?

प्रत्यक्षात काय होतं? एका शाळेत मी पाहिलं. स्मार्ट बोर्डवर कार्टून सुरू, पोरं गाण्यावर टाळ्या वाजवताहेत आणि सर मागे खुर्चीत स्वतःच्या फोनवर रील बघताहेत. तास संपला. वर्गात एकाही पोरानं इंग्रजीचं एक वाक्य उच्चारलं नाही. वहीत मात्र ‘दृक्श्राव्य अध्यापन’ अशी नोंद झाली, सहीसकट.

जुन्या पिढीला इंग्रजी शिकवणाऱ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेत ना चित्र ना गाणं. पण ती माणसाला स्वस्थ बसू देत नसे. मराठीचं इंग्रजी कर, इंग्रजीचं मराठी कर, हात दुखेपर्यंत कर. उच्चारांच्या नावानं शंख होता, हे खरं. पण वाक्य आपलं आपण रचावं लागे. रीलमध्ये सगळं रचून ती बाईच देते.

महाराष्ट्रात 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं. तेव्हा पहिलीत बसलेली पोरं आता तिशीत आहेत आणि ‘दहा दिवसांत फाडफाड इंग्रजी’चं गिऱ्हाईक तीच आहेत. दहा वर्षं शाळेत शिकून झाल्यावर!

तेव्हा सर, क्लिप जरूर लावा. फक्त त्या बोर्डावर पॉजचं बटण कुठं आहे, ते एकदा शोधून ठेवा.