राजे जेवत नाहीत

पंक्तीला बसलेल्या माणसाने ‘नको’ म्हटले की त्याचा अर्थ ‘वाढा’ असा घ्यावयाचा, आणि पानावर आडवा धरलेला हात हा विनयाचाच एक प्रकार समजून त्या हाताच्या बगलेतून जिलबी पानात सरकवावयाची, हे शिक्षण वाईकडच्या ज्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या दिले गेले, त्या घराण्याचा मी जावई असल्यामुळे, अन्न नाकारून ते नाकारणे शेवटास नेणाऱ्या कोणत्याही जीवाविषयी मला अंतर्यामी आदर वाटत आला आहे. परंतु इंग्लंडात, स्लाव या गावी, आमच्याच बैठकीच्या खोलीत, काचेच्या पेटीत पहुडलेला हातभर लांबीचा एक अजगर प्रत्यक्ष सासूबाईंचा आग्रह मोडून काढील, आणि तो पराक्रम पाहण्याचे भाग्य मला लाभेल, हे माझ्या पत्रिकेत कोणी वर्तविले नव्हते.

अजगर कन्येचा. त्याची जात रॉयल पायथन. शॉ नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने 1802 साली तिला शास्त्रीय नाव दिले, त्यातही ‘राजस’ हेच विशेषण आहे, आणि म्हणून आमच्या घरात त्याला पहिल्या दिवसापासून ‘राजे’ म्हणण्याचा प्रघात पडला. घाना, टोगो, बेनिन हा त्यांचा मूळ मुलूख. भय वाटले की हे राजे लढत नाहीत, पळतही नाहीत. अंगाचा चेंडू करून त्याच्या मध्यभागी आपले मस्तक लपवितात आणि संकटाने कंटाळून निघून जावे अशी अपेक्षा करीत पडून राहतात. स्वदेशी घरात नाग-धामण बाळगली तर 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची माणसे दारात उभी राहतील. इंग्लंडात मात्र या जातीसाठी परवान्याची गरज नाही, असे कन्येने खरेदीपूर्वी सप्रमाण सिद्ध केले होते. विक्रेत्याने सोबत एक कैफियतच जोडून दिली होती. राजांनी कोणत्या तारखेस काय भक्षण केले, याची त्यात आठवड्यागणिक नोंद होती आणि खाली ‘उत्तम खाणारा’ असा शेरा होता. त्या शेऱ्यावर आम्ही विसंबलो.

राजांचा शिधा गोठवलेल्या उंदरांच्या रूपाने आला. सहा महिन्यांच्या व्हिसावर नुकत्याच आलेल्या सासूबाई, त्यांची कन्या आणि माझी कन्या अशा तीन पिढ्यांमध्ये फ्रीझरच्या वरच्या कप्प्यावरून जी वाटाघाट झाली, तिच्यापुढे सरहद्दीचे तंटे सोपे वाटावेत. खवलेल्या नारळाचे डबे आणि सोललेले मटार एकीकडे, मूषक दुसरीकडे, मध्ये बर्फाच्या दोन पिशव्यांची निर्लष्करी पट्टी, आणि मूषकांच्या डब्यावर देवनागरीत व इंग्रजीत ठळक इशारा, अशा अटींवर अखेर तह झाला. उंदीर मायक्रोवेव्हमध्ये ऊन करावा ही माझी सूचना मात्र एकमताने नामंजूर झाली. पत्नीने धर्माच्या आणि कन्येने शास्त्राच्या आधारे ती फेटाळली, कारण तसे केल्यास उंदराचे पोट फुटते.

विधी असा. उंदीर सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाइतकाच जाड असावा. पिशवीत घालून तो कोमट पाण्यात विरघळू द्यावा, मग अधिक ऊन पाण्यात ठेवून जिवंत प्राण्याच्या अंगाइतका उबदार करावा, कारण राजांच्या वरच्या ओठावर खाचांची एक रांग असते आणि तिच्या योगे त्यांना अंधारातही भक्ष्याची ऊब ‘दिसते’. आणि दिवेलागणीनंतर लांब चिमट्याने शेपटीकडून धरून, त्यात अजून प्राण असल्याचा भास होईल इतपत तो हालवावा. (पापड भाजण्याचा चिमटा या कामी वापरला गेल्याची अफवा घरात पसरली होती. ती निराधार होती. तरी तो चिमटा पुन्हा कोणी वापरला नाही.) पेटीच्या एका टोकास बत्तीस अंश, दुसऱ्या टोकास सव्वीस, दोन्हीकडे एकेक बीळ, आणि आल्यावर निदान आठवडाभर कोणीही हात लावावयाचा नाही, ही कलमे कन्येने अक्षरशः पाळली. राजे बिळातून वीतभर बाहेर आले, दुभंगलेल्या जिभेने उंदराची वास्तपुस्त केली, आणि तोंड फिरवून आत गेले. नाकारलेला उंदीर पुन्हा गोठविता येत नाही. तो कचऱ्यात गेला.

येथून सासूबाईंनी सूत्रे हाती घेतली. काचेसमोर पाट मांडून त्या बसू लागल्या. ‘‘अरे बाबा, एवढा एक तरी घे. आमच्या समाधानाला म्हणून घे!’’ सापाला बाहेरचा कान नसतो, असे नातीने सांगितले. जमिनीतून येणारी कंपने मात्र त्याला जबड्याच्या हाडातून जाणवतात. म्हणजे राजांना आजीचे शब्द कळत नव्हते, परंतु आजीचे येणे, पाट आपटणे, पदर खोचून पुन्हा उठणे आणि स्वयंपाकघरातील मिक्सरची घरघर हे सर्व पोहोचत होते, आणि प्रत्येक पोहोच मिळताच त्यांचा चेंडू अधिकच घट्ट होत होता. नव्या तालुक्यात बदलून आलेला सावध मामलेदार जसा पहिले काही दिवस कोणाच्याही घरचे पानसुद्धा खात नाही, तसे राजांचे चालले होते.

अशात नागपंचमी आली. शिराळ्याला लहानपणी नागांची मिरवणूक पाहिलेल्या सासूबाईंनी दुधाची वाटी भरली. सापाला दूध पचत नाही, तहानेने व्याकूळ झाला तरच तो त्याला तोंड लावतो, असे सांगून नातीने ती परत पाठविली. तेव्हा सासूबाईंनी पवित्रा बदलला. ‘‘मग त्याचा श्रावण असेल,’’ त्या म्हणाल्या, आणि या एका वाक्याने त्यांच्या मनातील राजांची प्रतिष्ठा एकदम वाढली. या जातीचे निरोगी साप महिनेच्या महिने अन्नावाचून राहिल्याची उदाहरणे आहेत. शास्त्र आणि सासूबाई यांचे या मुद्द्यावर प्रथमच मतैक्य झाले. कन्येला मात्र धीर राहिला नाही. जर्बिल नावाच्या मूषकाच्या पिंजऱ्यातील भुसा एका मैत्रिणीकडून आणून त्यात उंदीर घोळविण्यात आला; कोंबडीच्या कढणाचा हात त्याला लावण्यात आला; उंदराच्या कवटीस छिद्र पाडण्याचाही एक उपाय आहे, पण तो उच्चारताच आमच्या घरातील दोन स्त्रिया खोलीबाहेर गेल्याने तो तहकूब राहिला. रोज संध्याकाळी नवी युक्ती. मला तर यात सासूबाईंचाच वारसा दिसू लागला; फरक इतकाच, की आजी जिलबी सरकवीत असे आणि नात उंदीर.

श्रावण सरत आला तशी निराळीच अडचण उभी राहिली. घरी गणपती बसावयाचा होता. गजाननाचे वाहन मूषक आणि कटिबंध सर्प. मोदक खाऊन निघालेल्या स्वारीसमोर साप आडवा आला, उंदीर बुजला, देव पडले आणि फुटलेल्या पोटाला त्यांनी त्याच सापाचा पट्टा आवळला, ही कथा आमच्या घरात कोणालाही तोंडपाठ. त्या दोघांपैकी एकाने दुसऱ्याला देवासमक्ष गिळावे, हे सासूबाईंना कोणत्याही सबबीवर मान्य होण्यासारखे नव्हते. चतुर्थी लागण्यापूर्वी काय ते उरकून घ्या, नाही तर दीड दिवस गप्प बसा, असे फर्मान सुटले.

हरतालिकेच्या दिवशी सासूबाई आणि पत्नी दोघींचा निर्जळी उपास. चूल बंद, मिक्सर मुका. आणि उपासाच्या घरी आग्रह तरी कोण कोणास करणार! तिसऱ्या प्रहरी त्या एका मराठी कुटुंबाकडे पूजेला गेल्या आणि घरात अशी काही शांतता नांदू लागली की घड्याळाचाही आवाज मोठा वाटावा. कन्येने पेटीवर चादर टाकली, दिवा मालविला, कोणत्याही क्लृप्तीवाचून साधा ऊन उंदीर बिळाच्या तोंडाशी धरला. चादरीच्या फटीतून मी पाहत होतो, तरी नेमका झडप घालण्याचा क्षण मला दिसला नाही. चिमटा हिसकला एवढेच कळले, आणि पाहतो तो उंदराभोवती वेढे पडलेले. उंदीर केव्हाच मेलेला होता, परंतु ठरलेली कारवाई पुरी केल्याखेरीज प्रकरण पुढे न्यावयाचे नाही, अशा निष्ठेने राजे त्याला आवळीत राहिले. (असे आवळल्याने भक्ष्याचा श्वास कोंडण्याआधी रक्ताभिसरण बंद पडते, असे 2015 साली बोआ सापांवरील प्रयोगांत आढळले.) मग सावकाश डोके शोधून, जबड्याची एक बाजू पुढे, मग दुसरी बाजू पुढे, असे करीत त्यांनी भक्ष्य आत ओढले. तोंड इतके भरलेले असताना श्वास घेता यावा म्हणून श्वासनळीचे टोक भक्ष्याखालून पुढे काढलेले स्पष्ट दिसत होते. शेवटी त्यांनी एक मोठी जांभई देऊन जबडा जागेवर बसविला.

घरी परतलेल्या सासूबाईंना ही वार्ता सांगितली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. ‘‘वाढायला कोणी नसताना जेवला? ते काय जेवण म्हणायचं!’’ मग दुसरी शंका आली: मूषक तर अजून पोटात असणार, आणि उद्या चतुर्थी. पूर्ण पचनास चार-पाच दिवस लागतात, असे नातीने प्रामाणिकपणे कबूल केले. पंचांग उघडण्यात आले. झडप घातली त्या वेळी तृतीया चालू होती, सबब तो आहार तृतीयेच्या खाती जमा धरण्यात आला. आणि पुढचा उंदीर दशमीस, म्हणजे गणपती पोहोचल्यावर, द्यावयास हरकत नाही, असा निर्णय सासूबाईंनी दिला.