वाघोलीच्या अलीकडचे मैल

विमान कंपन्या प्रवास मोजतात तो धावपट्टीपासून. शिरूरच्या माणसाचा अर्धा जीव धावपट्टी दिसेपर्यंतच गेलेला असतो. रांजणगावला गाडीतूनच महागणपतीला हात जोडायचे, शिक्रापूरच्या चौकात थांबायचं, वाघोलीत त्याहून जास्त थांबायचं आणि लोहगाव आलं की सुटलो म्हणायचं. जेमतेम साठेक किलोमीटरचा हा टप्पा, पण इथे माणसाच्या निष्ठेचा जो कस लागतो, तो पुढे दिल्लीपर्यंतच्या आकाशात लागत नाही. विमान कंपन्यांचे पॉइंट मात्र आकाशाचे मिळतात. वाघोलीचे मिळत असते, तर आमच्या तालुक्यातले दूधवाले एव्हाना सहकुटुंब सिंगापूर बघून आले असते.

उडावं, पॉइंट जमवावेत आणि त्यांवर पुढचं तिकीट काढावं, ही टूम अमेरिकेतली. अमेरिकन एअरलाइन्सनं 1981 साली ती मोठ्या प्रमाणावर सुरू केली आणि मग सगळ्यांनीच उचलली. आपल्याकडे एअर इंडियाचं 'फ्लाइंग रिटर्न्स' होतं, त्याचं 2025मध्ये 'महाराजा क्लब' झालं. इंडिगो बरीच वर्षं या भानगडीपासून लांब होती, तिनंही 2024मध्ये 'ब्लूचिप' आणलं. यामागचा हिशेब सरळ आहे. ज्याच्यासमोर एकाच वेळेची चार विमानं उभी आहेत, त्यानं दर वेळी आपल्याच विमानाची पायरी चढावी. दिल्ली-मुंबईच्या माणसाला ते जमतं. सकाळी सहाचं, सातचं, आठचं, हवं ते घ्या. आमच्याकडे साखरपुडा ज्या तारखेला निघतो त्या तारखेला जे स्वस्त मिळेल ते विमान, आणि तेही खराडीतला भाचा काढून देईल ते. निष्ठा असलीच तर ती भाच्यावर.

परदेशी विमानात आमच्याकडचे बसतात ते बहुतेक आई-वडीलच. मुलगा न्यू जर्सीत, सुनेला सातवा महिना लागलेला, आणि काका-काकू सहा महिन्यांच्या बोलीवर निघालेले. मुलगा तिकीट काढतानाच दोघांना कंपनीच्या पॉइंट योजनेत घालतो आणि सभासद क्रमांक व्हॉट्सअ‍ॅपवर धाडतो. काकू तो कालनिर्णयच्या मागच्या बाजूला, गॅसच्या नंबराखाली उतरवून ठेवतात. पासपोर्टावर काकांचं नाव वडिलांच्या नावासकट पूर्ण आणि योजनेत नुसतं आद्याक्षर, म्हणून निम्मे पॉइंट कुठेतरी अधांतरी राहतात, ते वेगळंच. उरलेल्यांना मुदत असते. खातं दीड, दोन, फार तर तीन वर्षं हललं नाही की बऱ्याच कंपन्या ते साफ करतात. नातवंडं काही मुदत बघून होत नाहीत. एका काकूंनी सुनेला फोनवर अगदी निरागसपणे, "आमचे पॉइंट मार्चमध्ये संपतायत गं," असं सांगितल्याचं ऐकिवात आहे. सुनेनं त्यातून जो अर्थ घ्यायचा तो घेतला आणि पुढचे काही आठवडे मुलगाच फोन उचलत होता.

बरं, पॉइंट जमले असं धरून चालू. समजा लाखाचं तिकीट आहे आणि त्यावर मिळालेल्या पॉइंटांची किंमत भरते दोन-तीन हजार. आता ती कंपनी मुंबईहून उडत असेल, तर शिरूर ते सहार गाडी करायची. टोल, ड्रायव्हरचं जेवण आणि घाटात लागणारा ताण धरून पाच-सहा हजार गेले. तेच लोहगावहून दिल्लीमार्गे जाणारं दुसरं विमान धरलं असतं, तर पॉइंट बुडाले असते, पण पैसे आणि कंबर दोन्ही वाचले असते. शिवाय पॉइंटांवरचं 'फुकट' तिकीट निघालं तरी कर आणि शुल्क रोखीत मोजावेच लागतात. तेव्हा माझं मत विचाराल तर सभासद जरूर व्हा, त्याला काही पडत नाही. पण पॉइंटासाठी विमान बदलू नका. हा सल्ला मी कुणी न मागता बऱ्याच जणांना देतो.

आमच्या तालुक्यात या योजनेचा खरा रस कुणी काढला असेल तर तो रांजणगाव एमआयडीसीतल्या साहेबांनी. तिकीट कंपनीचं, दगदग कंपनीची, पॉइंट मात्र साहेबांच्या खासगी खात्यात. कारखाना ऊस दुसऱ्याचा गाळतो आणि दिवाळीची सवलतीची साखर सभासद घेऊन जातो, तसंच हे. यात गैर काही नाही, नियमात बसतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत साहेबांच्या घरचे त्या पॉइंटांवर गोव्याला जातात आणि शेजारच्या बंगल्यातले एसटीनं कोकणात.

तुमच्या-आमच्या खात्यातल्या या चिल्लर पॉइंटांना कंपनीच्या लेखी मात्र फार मोल आहे. 2020च्या टाळेबंदीत विमानं जमिनीवर बसली, तेव्हा अमेरिकेतल्या युनायटेडनं कर्जासाठी तारण ठेवलं ते स्वतःचं पॉइंटांचं खातं. त्याची किंमत तेव्हा लावली होती सुमारे 22 अब्ज डॉलर, म्हणजे बाजारात अख्ख्या कंपनीची होती त्याहूनही जास्त. कारण हे पॉइंट बँका घाऊक भावानं विकत घेतात आणि क्रेडिट कार्डवाल्यांना वाटतात. आपल्याकडचा किस्सा तर याहून न्यारा. जेट एअरवेजची विमानं 17 एप्रिल 2019ला थांबली, पण तिची पॉइंट योजना वेगळ्या कंपनीत असल्यामुळे तगली आणि त्याच वर्षी 'इंटरमाइल्स' या नव्या नावानं पुन्हा उभी राहिली. विमान नाही, पॉइंट आहेत! इतकी विरक्त निष्ठा आपल्याकडे एरवी वारीतच बघायला मिळते.

प्रवाशाला खूश ठेवण्याचं शिरूरकरांना नवल वाटू नये. महाराष्ट्रातली पहिली एसटी 1 जून 1948 रोजी पुण्याहून नगरला निघाली ती शिरूरवरून जाणाऱ्या याच रस्त्यानं. वाहक होते लक्ष्मण केवटे. तेव्हापासून एसटीवर आमचं प्रेम आहे आणि प्रेमात असतात तशा तक्रारीही आहेत. पण तिच्या सवलतीत अटींची बारीक अक्षरं नाहीत. पंचाहत्तरी ओलांडली की 2022पासून राज्यात कुठेही फुकट, आणि मार्च 2023पासून बाईमाणसाला अर्धं तिकीट. आधी वीस वेळा बसा, मग बघू, असली भाषा नाही. बसल्या बसल्या फायदा हातात. त्या मार्चनंतर माहेरपणं वाढली असं पुरुषमंडळी म्हणतात. बायका म्हणतात, आधी कमीच होती.

शेजारच्या दौंडला गेलं की विषयच पालटतो. तिथे एसटीचंही कौतुक नाही, विमानाचं तर नाहीच. भीमेकाठचं हे गाव रेल्वेवर वाढलेलं. पुणे, सोलापूर आणि मनमाड अशा तिन्ही दिशांचे रूळ इथे एकत्र येतात. शिरूरच्या माणसानं जन्मभर रुळासाठी निवेदनं द्यावीत आणि दौंडच्या माणसानं रात्री गाड्यांच्या भोंग्यानं झोप मोडते म्हणून कुरकुरावं. नोकरदार मंडळी मासिक पासावर पहाटे पुण्याला जातात, आणि त्यांचे ठरलेले डबे आणि ठरलेल्या जागा कुठल्याही सोनेरी कार्डापेक्षा पक्क्या असतात. तिथे चुकून बसून बघा.

आणि रेल्वे कॉलनीतून निवृत्त झालेला माणूस म्हणजे या शास्त्रातला महामहोपाध्याय. त्याला निवृत्तीनंतरही ठरावीक पास मिळतात. अशा एका नात्यातल्या मामांना मी परवा उत्साहानं पॉइंटांची सगळी व्यवस्था समजावून सांगितली. रुपेरी दर्जा कसा मिळतो, सोनेरी कसा, लाउंजमध्ये उपमा कसा फुकट असतो. मामांनी सुपारी कातरत सगळं ऐकून घेतलं.

"किती वर्षं उडलं की आयुष्यभराचं होतं म्हणालास?"

"आयुष्यभराचं सहसा नाही होत मामा. दर वर्षी पुन्हा उडावं लागतं."

"आणि तुझी मामी? ती त्यात येते का?"

"तिचं खातं वेगळं काढावं लागेल."

"मग राहू दे," मामा म्हणाले. "आमच्या पासात ती पहिल्यापासून आहे."